किनार

शेठ म्हणाले, चादरीला किनार पाहिजे, शनिवारपर्यंत.
नवीन काहीतरी काढा.
पण गिऱ्हाइकाला नवीन वाटता कामा नये.

चार दिवस मी कोयऱ्या काढल्या.
कोयरीच्या पोटात कोयरी, तिच्या पोटात ठिपका.
खोडून खोडून कागदाची साय निघाली.
खिडकीबाहेर भांडुपचा डोंगर, त्याच्या अंगावर
चढत गेलेली पत्र्याची घरं, निळी ताडपत्री,
ती उडू नये म्हणून ठेवलेले टायर.
मी तिकडे बघत नव्हते.
मी किनार शोधत होते.

बुधवारी दाजी आंबेरकर आले
वेताच्या खुर्चीची बैठक विणायला.
दृष्टी नाही. जोगेश्वरीहून एकटे येतात, दोन बस बदलत.
वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत टाकल्या,
रिकाम्या चौकटीवरून बोटं फिरवली
आणि भोकं मोजली.
"एकाहत्तर," म्हणाले.
"विषम आहेत. सुताराला घाई होती."

उभी, आडवी, पुन्हा उभी,
मग तिरपी इकडून. तिरपी तिकडून.
तिरपी पडेपर्यंत ती नुसती जाळी होती, उंदीर अडवायची असते तशी.
शेवटच्या ओढीला चौकोनांचे कोपरे गिळले गेले
आणि खुर्चीभर एकदम
आठ-आठ कोनांचे डोळे उघडले.
"चुकलं तर कळतं कसं?" मी विचारलं.
"चुकलेली पट्टी करकरते.
बरोबर असेल ती गप्प असते."
मग चहा मागितला, साखर कमी.

त्या संध्याकाळी मी काहीच काढलं नाही.
दाजींच्या पेल्याखाली वहीवर ओलं कडं उमटलं होतं,
ते तसंच वाळू दिलं.

गुरुवारी अक्सा.
(किनार शोधायला किनाऱ्यावर. शेठना आवडला असता हा श्लेष.)
खरं तर भाचीला शंख हवे होते.
शंख नव्हते. बाटल्यांची झाकणं होती, एक डावी चप्पल,
गाठ मारलेली निर्माल्याची पिशवी,
आणि ओहोटीने ओली सोडलेल्या वाळूवर
मोहरीएवढ्या गोळ्या. हजारो.
मध्ये एक बीळ, बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा
सूर्याच्या चित्रात किरणं काढतात तशा,
आणि एका बाजूला सरळ, मोकळी वाट.

ओवी उकिडवी बसली.
"रांगोळी कुणी काढली?"
कुणी नाही गं. नखाएवढा खेकडा जेवत होता.
वाळू तोंडात घ्यायची, पोटाचं ते ठेवायचं,
उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची.
वाट मोकळी, कारण घार आली तर पळायचं असतं.
नक्षी म्हणून त्याने काही केलंच नव्हतं.
ओवी मोजत बावीसपर्यंत गेली, मग कंटाळली.
भरतीला अजून दीड तास होता.

शुक्रवारी रात्री बसले.
ठिपके, नुसते ठिपके, एकेका रिकाम्या जागेभोवती,
आणि दर सातव्याला एक वाट मोकळी.
कोपऱ्यावर अडले. कोपरा अडवतोच,
चादरीचा काय, गल्लीचा काय.
अकरा वाजले, शेजारचा टीव्ही बंद झाला.
मग एक रांग तिरपी घेतली,
तिच्यावर दुसरी, उलट्या अंगाने.
वळली.
कान देऊन ऐकलं.
करकरली नाही.

शनिवारी शेठनी चष्मा कपाळावर नेला.
"हे काय, साबुदाणा?"
मग बराच वेळ त्यांचा अंगठा
ठिपक्यांवरून चालत राहिला आणि एका जागी थांबला.
"ही वाट कशाला सोडली?"
"घार आली तर," मी म्हणाले.
ते हसले नाहीत.
"रंग किती?"
"दोन."
"एकात बसवा."

ती खुर्ची आता माझ्याकडे असते.
कामावरून उठते तेव्हा
पोटरीच्या वर, मांडीला मागे
आठ कोनांची लाल नक्षी उमटलेली असते,
मला न दिसणारी, बोटांना लागणारी.
पंधरा मिनिटांत जाते.